एक ठोका म्हणजे ये

ही गोष्ट खरी आहे. माझ्यासोबत घडलेली आहे. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्या दादाने अजून ठेवलेला नाही. "एसीचा आवाज असेल," म्हणतो. तो तिथे नव्हता. मी होते.

आणि भुतं फक्त रात्री येतात हा समज आधी डोक्यातून काढा. हे रविवारी घडलं. भर दुपारी, लख्ख उजेडात.

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीत कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत शिकायला जायचे. शिकायला म्हणजे, सुरुवातीला बाटल्या धुवायला. मग तिथे पीएचडी करणाऱ्या ताईने मला पेशी सांभाळायला शिकवलं. रुग्णाच्या गाठीतला कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवायच्या, दिवसाआड त्यांचं गुलाबी खाद्य बदलायचं. तान्ह्या बाळापेक्षा नखरे जास्त.

त्या खोलीचा एक नियम होता. आत काम करणाऱ्याचे दोन्ही हात हूडमध्ये गुंतलेले असतात. हूड म्हणजे पुढून थोडीशी उघडी अशी काचेची पेटी. दार अचानक उघडलं की हवेसोबत जंतू आत, आणि पेशी मेल्या. म्हणून बाहेरच्याने दाराच्या काचेवर टकटक करायची आणि आतल्याने जमिनीवर पाय आपटून उत्तर द्यायचं.

एक ठोका म्हणजे ये. दोन म्हणजे थांब.

हे इतकं अंगवळणी पडलं, की घरी जेवताना कोणी दार वाजवलं तरी माझा पाय आपटायचा. आई म्हणायची, "घोडी झालीस का गं?"

त्या रविवारी सगळे सुट्टीवर होते. मला एकच काम होतं. सतरा नंबर.

रुग्णांची नावं आम्हाला कधीच कळत नसत, फ्लास्कवर नुसता नंबर असायचा. पण सतरा नंबरबद्दल ताईच्या तोंडून निसटलं होतं. "बाई आहेत. दोन लहान मुली आहेत त्यांना. समोरच्याच हॉस्पिटलात असतात. नेहमीच्या औषधांनी हात टेकलेत. या पेशी सोमवारपर्यंत जगल्या तर त्यांच्यावर नवी औषधं लावून बघू, म्हणजे बाईंना कोणतं द्यायचं ते कळेल. मरू देऊ नकोस हं."

मरू देऊ नकोस! शनिवारी रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

रविवारी फ्लास्क हूडमध्ये घेतला. झाकण उघडलं. तेवढ्यात...

बाहेर कॉरिडॉरमध्ये बारीक चाकं वाजली. कर्र... कर्र...

सफाईवाल्या मावशींची ट्रॉली असेल, असं वाटलं. पण मावशी रविवारी येत नाहीत.

चाकं दाराशी थांबली.

मग काचेवर... टकटक.

माझा पाय आपोआप आपटला. एकदा.

दार उघडलं नाही. कडीसुद्धा हलली नाही. पण कर्र... कर्र... आता खोलीच्या आत होती.

माझ्या मागे येऊन थांबली.

हूडच्या काचेत मी दिसत होते. मागे नुसती भिंत. पण शेजारच्या रिकाम्या स्टुलाची गादी... हळूच दबली. फुस्स करून हवा गेली, कोणी टेकल्यावर जाते तशी.

मला पळायचं होतं. देवाशपथ पळायचं होतं. पण फ्लास्क उघडा होता. मी पळाले असते तर सतरा नंबर संपला असता, आणि त्या मुलींची आई... जीव मुठीत धरून मी खाद्य ओतलं. कोणीतरी वाकून बघत होतं. कानाशी श्वास लागत होता, थकलेला, अडकत अडकत येणारा.

"झालंच," मी म्हणाले. कोणाला, ते विचारू नका.

झाकण लावून फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये, पेशींच्या उबदार कपाटात, ठेवला. दोन पावलं मागे सरले. इन्क्युबेटरच्या काचेवर, बाहेरून, वाफेचा गोल उमटला... तोंडाएवढा.

माझ्या तोंडाला मास्क होता.

मग मात्र मी धूम ठोकली.

सोमवारी ताईला सगळं सांगायचं ठरवून गेले, तर तिचेच डोळे सुजलेले. "बाई शनिवारी संध्याकाळीच गेल्या गं. आपल्याला आत्ता कळवलं."

मला ती कर्र कर्र आठवली. हॉस्पिटलात पेशंट सलाइनचा स्टँड ढकलत फिरतात ना, त्याची चाकं तशीच वाजतात. नंतर मुद्दाम जाऊन ऐकून आले.

पेशी मात्र जिवंत होत्या. फ्लास्क गच्च भरला होता. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, टाकू नका, औषधं लावून बघा.

त्यातलं एक औषध लागू पडलं. एकूण एक पेशी मेली. अगदी हवं होतं तेच झालं, आणि आमच्यापैकी कोणालाही हसू आलं नाही.

माझं ट्रेनिंग संपलं. मी विसरत चालले होते. गेल्या आठवड्यात माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन आला.

"ताई, एक विचारू? हसू नकोस हं. खोली रिकामी असली तरी मी सवयीने टकटक करते... आणि आतून पाय वाजतो."

"किती वेळा?"

"दोनदा."

दोन म्हणजे थांब.

त्या मुलींची आई अजून तिथेच बसलीये. निकालाची वाट बघत. तिला आत मीच घेतलं, म्हणून औषध सापडलं हे सांगायलाही मीच जायला हवं. पण ते सांगायचं, तर कधी सापडलं तेही सांगावं लागेल.

काल मी त्या खोलीच्या दारापर्यंत गेले होते. काचेवर टकटक करायला हात उचललाही.

आणि तसाच खाली घेतला.