डॉक्टरांच्या मापाची सीट

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय. आणि आत्या उगाच काही रचून सांगणारी बाई नाही. कवळ्या बनवते ती. दिवसभर लोकांच्या दातांची मापं घेणाऱ्या बाईला भास होत नसतात.

शिवाय रात्र वगैरे नव्हती. रविवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर रणरणतं ऊन.

आत्याने नुकतीच ती गाडी घेतली होती. तीस वर्षं जुनी, गडद निळी जर्मन सेडान. आधीचे मालक सर्जन होते. उंची सहा फूट दोन इंच. मरेपर्यंत त्यांनी स्टीअरिंगला कुणाला हात लावू दिला नाही. बायकोलासुद्धा नाही.

आत्याची उंची चार फूट अकरा.

पण गाडीवर तिचा भारी जीव. दार लावताना होणारा तो जड, भरीव आवाज ऐकायला ती दार दोनदा लावायची. डॅशबोर्डचं लाकूड स्वतः पुसायची. सत्तावन्न वर्षं ती आधी वडिलांच्या, मग भावाच्या, मग नवऱ्याच्या शेजारी बसून फिरली होती. "मध्ये बोलू नकोस," हे ऐकत. आता कुठे चावी तिच्या हातात आली होती.

सीटजवळ दोन बटणं होती. आपलं माप एकदा भरून ठेवायचं. मग बटण दाबलं की सीट आणि आरसा आपोआप जागेवर येतात. आत्याने दोन्ही बटणांवर स्वतःचंच माप भरलं.

त्या रविवारी तिने गॅरेजमध्ये गाडीचं दार उघडलं...

सीट पार मागे गेली होती. आरसा वर वळलेला.

तिने बटण दाबलं. सीट पुढे आली. ती बसली. चावी लावणार तोच...

घर्रर्र...

सीट तिला घेऊन मागे निघाली.

हळूहळू. तिचे पाय पेडलवरून सुटले.

तिने मेकॅनिकला बोलावलं. तो हसला. "ताई, जुनी वायरिंग आहे. आधीचं माप अडकलं असेल कुठेतरी." त्याने फ्यूज काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो इरेला पेटला. सीटखालची मोटरच काढून त्याने आपल्या टेबलावर ठेवली.

"आता कुणाचा बाप आला तरी हलणार नाही."

मंगळवारी भर दुपारी आत्या गाडीपाशी आली...

सीट मागे.

मोटर टेबलावरच होती. मेकॅनिकचा चेहरा पडला. "ताई, विकून टाका."

माझे बाबाही तेच म्हणाले. "तुला झेपणार नव्हतीच ती. मी गिऱ्हाईक बघतो."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक गाडीत जाऊन बसली. मागे गेलेल्या सीटवर. पाय अधांतरी.

"डॉक्टर, गाडी माझ्या नावावर आहे," ती मोठ्याने म्हणाली. "मी ही सीट सोडणार नाही. तुम्हाला यायचंच असेल तर शेजारी बसा. आणि मध्ये बोलायचं नाही!"

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग...

सीट पुढे आली. मोटर नसताना. थेट तिच्या मापाला.

आणि शेजारचं चामडं करकरलं. कुणीतरी टेकल्यासारखं.

आत्याने चावी फिरवली आणि गाडी रस्त्यावर काढली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात सर्व्हिसिंगला मी सोबत होतो. मेकॅनिक शेजारच्या सीटपुढे वाकला आणि थबकला.

"ताई, इथे कोण बसतं?"

"कुणी नाही."

"मग हे..."

खालचा गालिचा एकाच जागी झिजला होता. बुटाच्या तळव्याएवढा. मोठ्या बुटाच्या.

आत्याने वाकून पाहिलं.

"ब्रेक दाबत असतील," ती म्हणाली. "दाबू देत. मीही सत्तावन्न वर्षं असाच दाबला. गाडी थांबत नाही त्याने."

तेव्हापासून मी मागेच बसतो. आत्या म्हणते, पुढे ये रे, ते सरकून घेतील.

माझं अजून धाडस झालेलं नाही.