हत्तीनच्या तलवारीला हळदकुंकू

केतकी पेंडसे सही करायला तयार नव्हती, आणि ओसाकातल्या त्या प्रदर्शनाच्या दालनात सकाळपासून सगळं तिथेच अडलं होतं.

सही करायची होती माफीनाम्यावर. आज दसरा, म्हणून मी शस्त्रपूजा करायला काचेच्या कपाटातल्या तलवारीला हळदकुंकू लावलं आणि मुठीवरची मिनाकारीची चकती माझ्या हातून हरवली, असं त्यात लिहिलं होतं. सही केली तर पोलीस येणार नव्हते, फक्त तिची नोकरी जाणार होती. तिच्या नवऱ्याचे, अवधूतचे, ऑफिसातून दोन फोन येऊन गेले होते. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायचंय, उगाच तमाशा नको, सही करून घरी ये, असं त्याचं म्हणणं होतं.

केतकीने त्याचं ऐकून घेतलं आणि लीलावती कारखानिसांना फोन लावला.

लीलावतीबाईंनी मुंबईत विम्याचे खोटे दावे पकडण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. नवऱ्याची, लक्ष्मणरावांची, बदली ओसाकाला झाली तेव्हा लोकांना वाटलं, आता बाई घरी बसतील. बाईंनी इथे खासगी तपाससंस्था काढली. लक्ष्मणराव निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर हिंडत. त्यांना प्रत्येक गोष्ट उशिरा कळे, आणि एकदा कळली की ते ती सगळ्यांना समजावून सांगत.

"काकू, मी तलवारीला हात लावलेला नाही. मग माफी कसली मागू?" दोघं दालनात पोचताच केतकी म्हणाली. डोळे लाल होते, पण आवाज ठणठणीत होता.

"मागू नकोस. ती चकती होती कशी?"

पांढऱ्या मिन्यावर काळा क्रॉस, केतकीने सांगितलं. बाहेरच्या कुणीच ती अजून पाहिली नव्हती. प्रदर्शनाचं उद्घाटन आज दुपारीच होतं, पुस्तिका छापायच्या बाकी होत्या, आणि लंडनचे एक प्राध्यापक खास ती तलवार पाहायला येणार होते. पाहुण्यांना दालन दाखवायचं काम केतकीचं होतं.

लीलावतीबाईंनी भिंग काढलं. मुठीच्या टोकाला चकतीची रिकामी खोबण होती. खाली पात्यावर लाल आणि पिवळा असे दोन ठिपके घाईत लावलेले दिसत होते. दोन्ही कडेला एकमेकांत घुसले होते, आणि तिथे लालावर पिवळा चढला होता.

लक्ष्मणराव तोवर भिंतीवरचे फलक मोठ्याने वाचत होते. "हत्तीनची लढाई, अकराशे सत्याऐंशी. सलाहुद्दीनने तहानेने कासावीस झालेल्या ख्रिस्ती सरदारांचा फडशा पाडला. ही तलवार त्याच रणातली लूट." ते पुढच्या दालनात सरकले. "काळ्या क्रॉसचे जर्मन सरदार. अकराशे नव्वदमध्ये अक्का शहराच्या वेढ्यात एका तंबूतल्या इस्पितळापासून यांचा पंथ सुरू झाला. लीला, आले लढायला आणि काढलं इस्पितळ!"

"ते पुन्हा वाचा हो," लीलावतीबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा वाचलं.

सकाळच्या फेरीत पहारेकऱ्याने चकती जागेवर पाहिली होती. पुढच्या तासाभरात ती गेली. तेव्हा पहारेकरी बाहेर दाराशी होता, आत केतकी धरून चौघंच होती, आणि कपाटाची किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली असे. त्यानंतर कुणी बाहेर पडलं नव्हतं. पहारेकऱ्याने सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या. फक्त कुरोदा-सेन्सेईंची बॅग उघडली नाही. सेन्सेई म्हणजे गुरुजी, त्यांची बॅग कशी उघडायची, असं त्यानेच अवघडून विचारलं.

व्यवस्थापक मोरिमोतो-सान घाम पुसत भेटले. पूजेबद्दल त्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात इथे भारताची संध्याकाळ झाली, तेव्हा केतकी-सानने त्यांच्या बायकोला हळदकुंकू लावलं होतं आणि ते शेजारीच उभे होते. त्यातली हळदकुंकवाची डबी अजून काउंटरच्या खणात होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिकिटांवर बसणारी स्वरूपा गोखले नुसती रडत होती. आदल्या दिवशी चहाच्या वेळी आपणच सगळ्यांना म्हणालो, की उद्या आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते, याचं तिला वाईट वाटत होतं.

कुरोदा-सेन्सेई या तलवारीचे जाणकार. त्यांच्या शब्दावर ती विकत घेतली गेली होती. माफीनाम्याची युक्तीही त्यांचीच. उन्हाळ्यात आपण क्योतोला होतो, तो समारंभ फक्त फोटोत पाहिला, असं ते म्हणाले. परक्या चालीरीतींचा आपल्याला आदर आहे, असंही त्यांनी सांगितलं, आणि ते सांगताना केतकीकडे पाहिलं नाही.

लीलावतीबाईंनी सगळ्यांना बोलावलं. टेबलावर चार कोरे कागद ठेवले आणि मधोमध ती डबी उघडून ठेवली. प्रत्येकाने कागदावर हळदकुंकू लावावं, एवढीच त्यांची विनंती होती.

केतकीने लावलं. स्वरूपाने डोळे पुसत लावलं. मोरिमोतो-सान जरा थबकले, मग आठवून त्यांनीही लावलं. कुरोदांनी हसून तर्जनी आधी लाल पुडीत बुडवली.

"झालं," लीलावतीबाई म्हणाल्या.

"काय झालं?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"अहो, आपल्याकडे आधी काय लावतात?"

"हळद. मग कुंकू. त्यात विचारायचं काय?"

"तेच. मराठी बाईचा हात झोपेतसुद्धा आधी हळदीकडे जातो. मोरिमोतो-सानांनी ते होताना पाहिलंय. या तलवारीवर मात्र लाल खाली आहे आणि पिवळा वर. ज्याने लावलं त्याला दोन ठिपके असतात एवढं माहीत होतं, क्रम माहीत नव्हता. फोटोत ठिपके दिसतात, क्रम दिसत नाही."

कुरोदा शांतपणे म्हणाले, की बोटाचा हा योगायोग झाला, आणि आपणच आणवलेल्या तलवारीची चकती आपण कशाला चोरू?

"कारण तिच्यामुळे तलवारीचं खोटं उघडं पडतं. तुमच्या फलकाप्रमाणे तलवार हत्तीनच्या रणातली. चकतीवर काळा क्रॉस. आणि पलीकडचा फलक सांगतो, की त्या क्रॉसचा पंथ हत्तीननंतर तीन वर्षांनी निघाला. जो पंथ जन्मलाच नव्हता, त्याची खूण मेलेल्या सरदाराच्या तलवारीवर कशी? पलीकडचा फलक कधी लागला, मोरिमोतो-सान?"

"काल संध्याकाळी. दुसऱ्या तज्ज्ञांनी लिहिलाय."

"म्हणजे चूक सेन्सेईंना काल कळली, आणि आज लंडनचे पाहुणे ती पकडणार होते. नुसतं पातं कदाचित खपून गेलं असतं. चकती नाहीशी करायची, तर आळ कुणावर तरी घालायला हवा. परकी बाई होती, तिचा सण होता, डबी खणात होती. आणि जिची झडती होणार नाही अशी इथे एकच बॅग आहे."

मोरिमोतो-सानांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि वाकलेलेच राहून म्हणाले, "सेन्सेई, बॅग उघडावी." कॅमेऱ्याच्या भिंगांमध्ये, पिवळ्या पुसण्याच्या कापडात, चकती निघाली. कुरोदा खुर्चीत बसले.

मोरिमोतो-सानांनी केतकीची माफी मागितली, खूप खाली वाकून मागितली. मग हळूच म्हणाले, की बाहेर पाहुणे उभे आहेत, तर आजचा दिवस तिने फलकावर लिहिलंय तेवढंच सांगावं. बाकीचं नंतर, शांतपणे मिटवता येईल. दालनाच्या नावाचा प्रश्न आहे.

"सकाळपासून माझ्या नावाचा प्रश्न होता," केतकी म्हणाली. "तेव्हा कुणी नंतर म्हटलं नाही."

तिने केस बांधले आणि दार उघडलं. लंडनचे प्राध्यापक सर्वांत पुढे होते. तिने सगळ्यांना सरळ त्या कपाटापाशी नेलं आणि आधी जपानीत, मग इंग्रजीत, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही तलवार हत्तीनला कधीच नव्हती. का, ते मी सांगते."