निघताना ‘येतो’ म्हणू नये

बस रे तनय, जॅकेट काढ. म्युनिकची शेवटची गाडी जायला वेळ आहे. आणि एक सांगून ठेवतो, माझ्या दारातून निघताना ‘येतो काका’ म्हणायचं नाही. हो, माहितीये, तुझ्या आईने ‘जातो नाही, येतो म्हणावं’ असंच शिकवलं असणार. माझ्याही आईने तेच शिकवलं होतं. ईप्सिता, हसू नकोस. सुधाकाकूला विचार, हृषिकेश तिचा फार लाडका होता.

हृषिकेश म्युनिकजवळ गार्चिंगला पीएचडी करत होता. त्याचा मित्र कुमार आणि तो एकाच वोनुंगमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहायचे, एका ताटात जेवायचे म्हण ना. २००६च्या नोव्हेंबरात दोघं पाठीवर सॅक मारून कोस्टा रिकाला गेले. कॅरिबियन किनाऱ्यावरचं टीचभर गाव, लाकडी खोली, वर पत्रा. नारळाखाली लोळायचं असा बेत होता. पोचले त्या दिवशी जो पाऊस लागला, तो थांबेचना. कपडे वाळेनात. दोरीवरून काढून ओलेच अंगात घालायचे. ब्रेडला बुरशी, पत्त्यांचा कॅट ओला, पोरं नुसती वैतागली. त्यात हृषिकेशला ताप भरला आणि जवळच्या गोळ्या संपल्या.

दुकान ओढ्याच्या पलीकडे होतं. ओढा समुद्राला मिळतो तिथे गावातली पोरंसुद्धा रोज पार करायची. संध्याकाळी कुमार गोळ्या आणायला निघाला. दारात थांबून म्हणाला, “जातो रे.”

हृषिकेश तापातही उठून बसला. “जातो काय? येतो म्हण.”

कुमार हसला. “येतो, बाबा. येतो.”

ओढा तोवर फुगला होता. गावकऱ्यांनी त्या पावसातही पार लांबपर्यंत किनारा धुंडाळला. कुमार काही सापडला नाही. त्याच्या आईबापांना फोन हृषिकेशनेच केला. काय बोलला असेल, त्याचं त्यालाच माहीत.

तो एकटाच गार्चिंगला परतला. जानेवारीत खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने त्याला अडवलं. जिना पुसायची पाळी तिची होती. तुमच्या मित्राला पाय पुसून वर यायला सांगा, म्हणाली, रोज संध्याकाळी जिना भिजवतो. हृषिकेशने विचारलं, कोणता मित्र? ती म्हणाली, तो अनवाणी येतो तो.

बाहेर कडाक्याची थंडी, कोरडी ठणठणीत. आणि जिन्यावर ओल्या पायांचे ठसे. वर आलेले. खाली गेलेला एकही नाही.

पहिल्यांदा पोराला आनंद झाला रे. वाटलं, कुमार वाचला, परत आला. त्या रात्री बेल वाजली तसं त्याने धावत जाऊन दार उघडलं. कोणी नव्हतं. उंबऱ्यावर पाणी होतं, खाऱ्या वासाचं. मग रोज बेल. रोज पाणी थोडं आत.

सतरा फेब्रुवारी, शनिवार. त्या दिवशी तो इथे आला. अंग तापाने फणफणलेलं, गाल बसलेले. याच सोफ्यावर बसून त्याने मला सगळं सांगितलं. म्हणाला, “काका, मी त्याला येतो म्हणायला लावलं. आता तो सुटत नाहीये, आणि मीही.” मी आपला इंजिनिअर, म्हटलं पाइप गळत असेल. सुधा मात्र त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, मोकळं कर त्याला. तोंडाने जा म्हण.

मध्यरात्र उलटून गेली होती. बेल वाजली. एकदाच.

हृषिकेश उठला. मी मागे. त्याने दार उघडलं नाही. दाराला कपाळ टेकलं.

“कुमार... मला काही नको. जा आता. जा.”

खिडकीबाहेर बर्फ. आणि दारापलीकडे... पाणी ठिबकत होतं.

थांबलं.

मग... अगदी हळू. हसल्यासारखं...

“येतो.”

निघताना आपण काय म्हणतो, तनय? तेच म्हणाला तो.

मी माझ्या कानांनी ऐकलं. हृषिकेश तिथेच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सकाळी सॅक उचलली. सुधाने केलेला चहा तसाच राहिला. दारात म्हणाला, “जातो काका.” येतो म्हण, असं मी त्याला म्हटलं नाही. कसं म्हणणार?

तो गार्चिंगला पोचलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला. त्याची आई अजून मला फोन करते.

तो गेला त्याच संध्याकाळी पुन्हा बेल वाजली. सुधाने दार उघडलं. पायपुसणं ओलंचिंब, आणि त्यावर तापाच्या गोळ्यांची एक पट्टी. कागदी वेष्टनात, स्पॅनिश अक्षरांची. एकही गोळी काढलेली नव्हती.

ती बघ, तिथे. हाइत्सुंगवर, त्या गरम रेडिएटरवर, मोजे वाळत घालतो त्याच्या शेजारी. दोन वर्षं होतील आता. हात लावून बघ...

अजून वाळलेली नाही.