बाई मंगळवारीच बोलल्या होत्या

जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात एकाच लॅपटॉपला आम्ही दोघांनी एकदमच हात घातला.

"मी आधी धरलाय," मी म्हटलं.

"तुम्ही झाकण धरलंय. लॅपटॉप मी धरलाय."

"मला याचा कीबोर्ड हवाय, बाबांच्या लॅपटॉपला बसवायला. आणि तुम्हाला?"

"मला याच्यातला दोष हवाय."

मला हसूच फुटलं. असं गिऱ्हाईक दुकानदारानेही पाहिलं नसेल! पण तो गंभीर होता. लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणकप्रणालीची नवी आवृत्ती येण्याआधी महिनाभर तिची कच्ची आवृत्ती बाहेर येते, आणि हौशी माणसं ती आपल्या मशीनवर घालून काय काय बिघडतं ते कळवतात. तो त्या दुरुस्त्या करणाऱ्यांपैकी होता.

"याच मॉडेलवर, झाकण मिटून उघडलं की स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज मुका होतो म्हणे. तक्रार करणारी भारी तिखट आहे. 'मुंगी' नावाने लिहिते. मी किरकोळ म्हटलं, तर लिहिते, एकदा डोळे मिटून वापरा आणि मग सांगा."

"बरोबरच लिहिलंय मी," मी म्हणाले.

त्याने लॅपटॉपवरचा हात काढला... आणि कानापर्यंत लाल झाला.

माझे बाबा तीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासत. डोळे गेले, पण काम सुटलं नाही. आता लॅपटॉपमधला आवाज त्यांना मजकूर वाचून दाखवतो आणि ते कानांनी चुका पकडतात. त्या आवाजाला ते 'बाई' म्हणतात, तेही अहो-जाहो करून. नव्या आवृत्तीत बाई मुक्या राहिल्या असत्या, तर बाबांचं काम बंद पडलं असतं. जुन्या आवृत्तीची देखभाल त्याच महिन्यात थांबणार होती.

गंमत अशी की दुकानातल्या लॅपटॉपवर तो दोष येईचना. आमच्या हाताशी असलेल्या मशीनपैकी तो यायचा फक्त बाबांच्या लॅपटॉपवर. म्हणून कीबोर्ड मला मिळाला, आणि हा दुरुस्तीवाला रोज संध्याकाळी पेन ड्राइव्ह घेऊन आमच्याकडे यायला लागला.

यायचा, चपला नीट भिंतीला लावून ठेवायचा, बाबांशी दोन शब्द बोलायचा आणि टेबलाशी बसायचा. विचारात पडला की पेन ड्राइव्हचं टोपण ओठांवर टेकवायचा. मी समोर बसून पुस्तकांची पानं लावायचं माझं काम करत असे. कसलं काम! एकच पान तीनदा लावत होते.

"माझ्याकडे बघून दोष सापडणार नाही, मुंगी," तो एकदा मान वर न करता म्हणाला.

"तुमच्यातलेच मोजत होते."

"किती झाले?"

"अजून... एकही नाही." आणि मग आम्ही दोघंही उगाचच स्क्रीनकडे बघत राहिलो.

लिनक्सच्या या कामाचा एक नियम होता. दुरुस्ती करणाऱ्याने आपणच 'झालं' म्हणायचं नाही. तक्रार करणाऱ्याने वापरून बघायचं आणि 'दोष गेला' असा शेरा लिहायचा. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शेरा आला नाही, तर ती दुरुस्ती सहा महिने लांबणीवर.

सोमवारी त्याने नवी दुरुस्ती घातली. मंगळवारी सकाळी मी झाकण उघडलं आणि बाई बोलल्या. मी मिटलं, उघडलं. दहा वेळा. दहाही वेळा बोलल्या. मला आनंद झाला... आणि मग मनात आलं, आता हा कशाला येईल?

संध्याकाळी तो दारातूनच म्हणाला, "बोलल्या?"

"अं... कधी बोलतात, कधी नाही."

त्याने करून पाहिलं. बोलल्या.

"तुम्ही असलात की बोलतात," मी म्हटलं. तो हसला खरा, पण चेहरा उतरला. कधी येतो, कधी जातो असा दोष सगळ्यांत वाईट. त्याने आपली दुरुस्ती काढून टाकली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बुधवार गेला. गुरुवारी तो आला तेव्हा डोळे सुजले होते.

"माझ्याच्याने होत नाहीये, मुंगी. आणखी चौदा जणांनी हाच त्रास कळवलाय. एक जण तर टेलिफोन ऑपरेटर आहेत, त्यांना अजिबात दिसत नाही. काय सांगू त्यांना?"

मी पुन्हा तेच पान लावायला घेतलं. तो गेला.

"बाई मंगळवारीच बोलल्या होत्या ना गं?" बाबा आतून म्हणाले. "दहा वेळा झाकण उघडलंस. मी मोजलं."

"बाबा! मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"आपली चूक ज्याची त्याने काढलेली बरी. म्हणून दोन दिवस थांबलो. आता मात्र वेळ नाही, बाळा."

शुक्रवारी सकाळी नऊला मी तो काम करायचा त्या कॉलेजच्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेले.

"बाई मंगळवारीच बोलल्या होत्या. मी खोटं सांगितलं."

"का?"

"खरं सांगितलं असतं, तर बुधवारी तुम्ही आला नसता. आणि मला... तुम्ही यायला हवे होतात. रोज."

त्याने खुर्ची माझ्याकडे सरकवली. "शेरा लिहा."

मी लिहिलं, 'दोष गेला. मंगळवारीच गेला होता. उशीर माझ्यामुळे झाला.' जगभरातली माणसं ते वाचणार होती. त्याने सोमवारची दुरुस्ती परत घातली. बाराच्या आत सगळं झालं.

"तीन दिवस मी स्वतःला नालायक समजत होतो, मुंगी," तो हळूच म्हणाला. "तुम्ही जा आता."

नवी आवृत्ती आली. बाबांचं काम सुरू राहिलं. तो आला नाही. मला फोन करायला तोंड नव्हतं. रोज संध्याकाळी भिंतीलगतची त्याच्या चपलांची रिकामी जागा बघायची आणि पानं लावायला बसायचं, असे पाच महिने गेले.

मग एके दिवशी बेल वाजली. दारात तो, हातात पेन ड्राइव्ह.

"पुढची कच्ची आवृत्ती आलीय. तपासायला माणूस हवंय."

"माझा शेरा... चालेल तुम्हाला?"

"'उशीर माझ्यामुळे झाला' असं चारचौघांत लिहिणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. राग जायला वेळ लागला, इतकंच."

त्याने चपला भिंतीला लावून ठेवल्या. आवृत्ती घातली, झाकण मिटलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. मी उघडलं. बाई लगेच बोलल्या.

"बोलल्या?" त्याने विचारलं. त्यालाही ऐकू गेलंच होतं. तरी तो माझ्याकडे बघत थांबला.

"बोलल्या," मी म्हणाले. डोळे भरून आले. "पहिल्याच वेळी. तुमचं काम झालं."

त्याने पेन ड्राइव्हला टोपण लावलं आणि खुर्चीत नीट टेकून बसला.

"काम मेलनेही झालं असतं," तो म्हणाला. "मी उद्याही येईन. परवाही. बाई बोलोत, न बोलोत."