धुऊन काढलेली कवटी

एडिनबरातल्या एका म्युझियमच्या तळघरात उल्का पेठे जुन्या वस्तू साफ करायची. १९९१ च्या ऑक्टोबरात, एका सोमवारी, तिच्यापुढे अस्वलाची कवटी आली. कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या क्री आदिवासींची. शुक्रवारी ती त्यांना परत द्यायची होती.

आता बघा, जिच्या माहेरी अंडंसुद्धा कधी शिरलं नाही, तिच्या हातात हे ध्यान! दातांच्या फटीत पिवळी चरबी, पन्नास वर्षं कपाटात राहूनही ओली, तिला केस चिकटलेले. वास असा, की तिच्या घशाशीच आलं.

"शी! काय घाणेरडी माणसं!" म्हणत तिने कढत पाण्यात ती घासून घासून पांढरीफेक केली. सिंकमध्ये अडलेला तवंग हातानेच ढकलला.

त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. वरणभातालाही तोच वास.

"अगं, तूप आहे ते!" नवरा, शशिकांत, म्हणाला. तिने ताट कचऱ्याच्या डब्यात रिकामं केलं.

शुक्रवारी दुपारी क्री लोकांकडून कवटी न्यायला आयडा वबानो आली. सत्तरीची, ठेंगणी, अंगात पुरुषी जाकीट. तिच्या वडिलांनी ते अस्वल मारलं होतं आणि मान राखून कवटी झाडाला टांगली होती. तिला चरबी भरवायची, म्हणजे रान जनावरांनी भरलेलं राहतं, अशी त्यांची रीत. एका व्यापाऱ्याने ती उचलून नेली, तेव्हापासून त्यांच्या रानात अस्वल फिरकलं नव्हतं.

आयडाने कवटी हुंगली आणि खाली ठेवली.

"हे नुसतं हाड आहे. अस्वल यात नाही. त्याचं जेवण कुठंय?"

"जेवण? ती... घाण होती. मी धुतली."

"हातांनी?"

उल्काने मान डोलावली. म्हातारी तिच्या ओढलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तू कधीपासून जेवली नाहीस?"

"सोमवारपासून..."

आयडाने खिशातून पत्र्याची डबी काढली. झाकण उघडलं आणि तोच वास आला. उल्काला पळावंसं वाटलं. पण तोंड आपोआप उघडलं. आयडाने बोटभर चरबी तिच्या जिभेवर ठेवली.

गोड! बाई गं, किती गोड! तिने म्हातारीचं बोटसुद्धा चाटून काढलं.

"चल घरी," आयडा रडत म्हणाली.

संध्याकाळी शशिकांत बायकोला शोधत आला. टेबलावर कवटी तशीच होती. शेजारी पोचपावती, खाली आयडाची सही:

'वडिलांचं अस्वल मिळालं. उपाशी होतं.'