खाचरातला अर्धा तास

"बाई, आहात तिथंच थांबा. पाऊल टाकू नका."

साप असेल म्हणून दिलशाद डोक्यावरच्या हंड्यासकट थबकली. साप नव्हता. भाताच्या खाचरात एक लहानशी पेटी ठेवलेली होती आणि पलीकडे बांधावर एक माणूस घड्याळ बघत उकिडवा बसला होता.

तो अनिस, सूस गावचा. भूकंपाचा हादरा कुठल्या जमिनीला किती बसेल, हे मोजत तो मुळशीतली गावं फिरत होता. पेटी जमिनीची बारीक थरथर टिपते, म्हणून अर्धा तास जवळपास कुणी चालायचं नाही, असं त्याने सांगितलं.

दिलशाद हंडा उतरवून होती तिथंच बसली. बत्तीस वर्षांची झाली होती. पौडात शिलाईचं दुकान, घरी थकलेले अब्बा, आणि विहिरीपासून टेकाडावरच्या मोडक्या घरापर्यंत पाण्याच्या रोज आठ खेपा. येत्या महिन्यात याच खाचरात भराव टाकून, विहिरीला लागून, ती घर बांधणार होती. खेपा संपणार होत्या. दुसरं काही तिने मागितलंच नव्हतं.

रिकाम्या हातांनी ती बसली आणि का कोण जाणे, तिचे डोळे भरले. त्याने पाहिलं, विचारलं नाही. अर्धा तास कधीच सरला, तरी उठा म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. म्हणाला, नोंद परत घ्यावी लागेल. तीही बिघडली, म्हणून तिसऱ्या दिवशीही आला. ओट्यावरून अब्बांनी, चांदभाईंनी, लेकीला टोमणा मारला, "ह्यो जमिनीची नाडी बघतोय का तुझी?"

चौथ्या दिवशी त्याने निकाल सांगितला. टेकाडावरचा कातळ पाट्यासारखा. टिचकी मारली तरी लगेच शांत. खाचर म्हणजे दह्याचं वाडगं. हादरा वाढवतं आणि कितीतरी वेळ हलत राहतं. भराव टाकला तरी खाली गाळच. घर वरच बांधा.

"आन् पानी?" तिने टेकाडाकडे पाहिलं. "लई दमले मी, साहेब."

त्याने नोंदीच्या आलेखाचा कागद पुढे धरला. "ही टोकं पावलांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, पंधराव्या मिनिटाला."

"म्हैस असंल."

"म्हशीला चार पाय असतात. हे दोनच आहेत... एका जागी आपटलेले."

दिलशाद पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. "नोंद बिघडली की तुमी परत येता... म्हनून."

"पहिल्या दिवशीची नोंद चांगली होती," तो हळूच म्हणाला. "परत घ्यायची गरजच नव्हती. खोटं मीही बोललो."

त्याने कागदाची घडी घातली. मग तो म्हणाला, "घर वर बांधा. पाणी मी आणीन... रोज. तुमची आणि अब्बांची हरकत नसेल तर."

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "अब्बांना तुमीच इचारा. हंडा तितं हाय. आज एक बी खेप झाली न्हाई."

चढावर त्याने अर्धं पाणी अंगावर सांडलं. मागून दिलशाद चालली होती, सावकाश, दोन्ही हात रिकामे ठेवून.