चाचणी. चिकटवू नये.

लेबलं छापणाऱ्या कंपन्यांच्या संगणकांना कुलपं नीट आहेत की नाहीत, हे तपासायचं माझं काम आहे. सांगितलं की लोक हसतात. बँकेचं त्यांना कळतं, पण लेबल कोण चोरणार, असं विचारतात. पूर्वी मी समजावत बसायचे. आता नाही बसत. औषधाची बाटली आणि फिनेलची बाटली यांत फरक असतो तो एका चिकटवलेल्या कागदाचा, हे ज्याला समजत नाही त्याच्याशी डोकं कोण लावणार?

यावेळी एका औषध कंपनीला तीन छापखान्यांतून एक निवडायचा होता. आम्ही तिघांची तपासणी करून क्रम लावून द्यायचा. छापायचं होतं लहान मुलांच्या फिटच्या औषधाचं लेबल. गुलाबी, गोड, शंभर मिलीची बाटली. ते औषध आमच्या ठमीला रोज लागतं. ठमी म्हणजे माझ्या दादाची मुलगी, सहा वर्षांची, तोंडाची टकळी झोपेतसुद्धा चालू. मात्रा अडीच मिली, दिवसातून दोनदा. थोडं जास्त झालं तर गुंगी येते. फार जास्त झालं तर श्वास मंदावतो, असं डॉक्टरांनी वहिनीला समोर बसवून सांगितलं होतं. म्हणून या कामात मी जरा जास्तच नाक खुपसलं. साहेबांनी तसं मला तोंडावर म्हणूनही दाखवलं.

साहेबांचं आमच्या ऑफिसातलं नाव 'बघूया'. पगारवाढ मागा, पंखा दुरुस्त करायला सांगा, उत्तर एकच. यावेळी मात्र त्यांचं आधीच बघून झालेलं होतं. "तिघांतली ती मोठी कंपनी वर आली तर सगळ्यांना सोयीचं," ते म्हणाले.

"मग आम्हाला तपासायला कशाला पाठवता?" मी विचारलं.

"तपासणी तर करायलाच हवी ना," ते म्हणाले. इथूनच माझं डोकं तापायला सुरुवात झाली.

माझी एक ठरलेली युक्ती आहे. ज्या लेबलाचं काम असतं त्याच मापाचं एक खोटं लेबल मी बनवते. वर ठळक अक्षरांत 'चाचणी. चिकटवू नये.' आणि खाली मात्रा अशी लिहिते की डोकं ठिकाणावर असलेला माणूस ती खरी मानणारच नाही. यावेळी लिहिलं, 'पंचवीस मिली, दिवसातून दोनदा'. मग बाहेर गाडीत बसून ते कंपनीच्या मशीनवर छापून येतं का ते बघायचं. आलं तर कुलूप नाही. आणि आत कोणाच्या लक्षात आलं नाही तर अक्कलही नाही.

पहिला छापखाना दोघा भावांचा. थोरले आणि धाकटे. शाई, डिंक आणि तापलेल्या रबराचा वास, छताला लागतील एवढे कागदाचे रोल. सगळ्या मशीनचा पासवर्ड एकच, एक ते आठ आकडे. "लक्षात राहतो," थोरले म्हणाले. "सगळ्या गल्लीच्या लक्षात राहतो," धाकटे म्हणाले. माझं लेबल पहिल्याच फटक्यात छापून आलं होतं. गुण द्यायचे तर हात आखडावा लागणार होता, पण माणसं वाईट नव्हती.

तपासणीच्या टेबलावर, काचेखाली दिवा लावून, दोन बायका लेबलं बघत होत्या. त्या प्रत्येक लेबल उलटं धरून वाचत होत्या. वरची बाजू खाली. मी विचारलं तर त्यातली मोठी म्हणाली, "सरळ धरलं की डोळ्याला जे हवं असतं तेच दिसतं, ताई. चूक असली तरी डोळा आपली आपण दुरुस्त करून घेतो. उलटं धरलं की एकेक अक्षर बघावंच लागतं."

मला ते आवडलं. गंमत म्हणून माझं चाचणीचं लेबल मी तिच्यापुढे ठेवलं, सरळ. तिने चष्मा वर केला. "अडीच मिली. ठीक आहे की."

"पंचवीस लिहिलंय," मी म्हणाले.

"अडीच," ती म्हणाली. दुसरीने वाकून पाहिलं. "अडीचच आहे."

मला वाटलं माझी फिरकी घेताहेत. मोठीने लेबल बोटाने फिरवून उलटं केलं. मग तिने हात पदराला पुसला आणि काचेखालचा दिवा बंद केला.

"हे इथे ठेवू नका," ती म्हणाली.

मी चरफडत बाहेर पडले. सरावलेली माणसं कामचुकार होतात हे मला ठाऊक होतं, पण दोघी दोन अंकी आकडा चुकीचा वाचतात म्हणजे काय? कंटाळा, दुसरं काय. असं मी तेव्हा लिहूनही टाकलं.

दुसऱ्या कंपनीचं सांगण्यासारखं काही नाही. कुलपं होती, पण किल्ल्या कुलपातच होत्या.

तिसरी म्हणजे ती मोठी. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातल्याशिवाय दार उघडत नाही, आत एवढा गारठा की बोटं आखडतात. कबूल करते, बाहेर गाडीत बसून मी तासभर झटले, पण माझं लेबल आत शिरेना. त्यांचा आयटीवाला, नवीन बूट करकर वाजवत, मला सगळं हिंडवून दाखवत होता. लेबलं तपासायला माणसंच नाहीत. पट्टा धावतो, वर कॅमेरे. "कॅमेरा कंटाळत नाही, मॅडम," तो म्हणाला.

"उलटं धरून बघतो का?"

"कशाला उलटं?"

मी सोडून दिलं.

शेवटच्या खोलीत प्लास्टिकच्या आच्छादनाखाली एक जुनं मशीन होतं. "हे बंद असतं," तो म्हणाला. "कशाला जोडलेलंच नाही. त्यामुळे याचा प्रश्नच येत नाही."

खरंच नव्हतं जोडलेलं. नेटवर्कची वायर काढलेली, भिंतीतलं भोक बुजवलेलं. विजेची वायरसुद्धा गुंडाळून वर ठेवलेली, तिच्यावर धूळ. मी खाली वाकून पाहिलं, मागे हात घालून पाहिला, बॅटरी आहे का तेही पाहिलं. वीस वर्षं हेच करतेय मी. काहीही नव्हतं.

आम्ही वळलो आणि आच्छादनाच्या आत काहीतरी सळसळलं.

प्लास्टिकच्या कडेखालून कागदाची पट्टी हळूहळू बाहेर येत होती. एक लेबल. ते जमिनीवर पडलं नाही, काठाला लोंबत राहिलं. मी हातात घेतलं तर गरम होतं, नुकत्याच छापलेल्या कागदासारखं. 'चाचणी. चिकटवू नये. पंचवीस मिली, दिवसातून दोनदा.' माझंच लेबल होतं. आत शिरलं नव्हतं ते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

आयटीवाल्याने हातात न घेताच पाहिलं. "जुन्या कामातलं अडकलेलं असेल. अडीच मिली, तेच औषध दिसतंय."

"वरची ओळ वाचा."

"औषधाचं नाव आहे."

"नीट वाचा."

"मॅडम, औषधाचंच नाव आहे," तो म्हणाला. त्याचा आवाज मला शांत करणाऱ्या माणसाचा होता. त्या आवाजाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ते लेबल उलटं करून त्याच्या नाकासमोर धरलं. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "आमच्याकडे उलटं वाचत नाहीत."

ऑफिसात आल्यावर मी मोठ्या कंपनीला शेवटचा क्रमांक दिला. साहेबांनी मला आत बोलावलं. टेबलावर आमची प्रश्नावली होती आणि तिच्यात त्या मशीनपुढे मी शून्य भरलं होतं.

"मशीन जोडलेलं आहे का? नाही. मग नियमाप्रमाणे पूर्ण गुण," ते म्हणाले. "बंद मशीनएवढं सुरक्षित काय असतं?"

"बंद मशीनने माझ्यासमोर छापलंय," मी म्हणाले आणि लेबल त्यांच्यापुढे आपटलं.

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "अडीच तर लिहिलंय."

मी ओरडले. ऑफिसात मी कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडले. म्हणाले, तुम्ही विकले गेलात की तुम्हाला वाचता येत नाही, एकदा ठरवा. हे औषध पोरांच्या पोटात जातं. आमच्या पोरीच्या पोटात जातं. बाहेर सगळे टाइप करायचे थांबले. साहेब खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "काही दिवस रजा घ्या. बघूया मग." माझं शून्य त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडलं. मोठी कंपनी पहिली आली. नाव मोठं, लक्षण खोटं, पण नावालाच गुण होते.

रजेवर बसल्या बसल्या मी दादाला फोन केला. नवीन लेबलाची बाटली आली तर मला दाखवल्याशिवाय फोडायची नाही. "तुझं ऑफिस आमच्या स्वयंपाकघरात नको आणूस," दादा म्हणाला. पण बरं म्हणाला.

आणि तरी फोडलीच.

मी संध्याकाळी सहज गेले तर दादा घरीच होता आणि ओट्यावर नवी बाटली होती. जुनी संपली होती, दुकानात हीच मिळाली, आणि तुला कशाला रोज उठून त्रास द्यायचा, असं वहिनीचं म्हणणं. "आम्ही तिघांनी वाचलं गं. मी, तुझ्या दादाने आणि शेजारच्या काकांनी. बरोबर आहे सगळं."

मी बाटली हातात घेतली. औषधाचं नाव, कंपनीचं नाव, 'मात्रा: अडीच मिली, दिवसातून दोनदा'. सगळं बरोबर. मी दोनदा वाचलं. खरं सांगते, एवढं हायसं वाटलं की मला माझाच राग आला. एवढा तमाशा केला, नोकरीवर पाणी सोडायची वेळ आणली, ती कशासाठी?

मग माझं लक्ष औषधाकडे गेलं.

"कधी फोडली?"

"काल रात्री. हल्ली भरतातच कमी. दोनदा दिलं तर निम्मी झाली बघ."

"ठमी कुठेय?"

"झोपलीय. सकाळपासून झोपलीय. इतकी शांत कधी झोपत नाही बाई ती, उठवू नकोस."

झाकण घट्ट होतं. मी बाटली उलटी केली.

उलट्या लेबलावर एकेक अक्षर लावत गेले. पहिल्या शब्दाला 'चा' होता. मग 'च'. मग 'णी'.

चाचणी. चिकटवू नये. पंचवीस मिली.

सरळ केली. अडीच.

उलटी केली.

"दादा, गाडी काढ," मी म्हणाले.

"काय झालं?"

"पंचवीस मिली दिलंय तुम्ही तिला. दोनदा."

"वेडी आहेस का?" वहिनी म्हणाली. तीही चिडली होती, आणि तिचं बरोबर होतं. पोरीचं सगळं ती करते, मी फक्त येऊन बोलते. "माझ्या हाताने देते मी. आताही वेळ झालीच आहे. थांब, दाखवतेच तुला."

तिने औषधाचा खुणांचा पेला डोळ्यांसमोर धरला. "अडीच," मोठ्याने म्हणाली आणि ओतायला लागली.

गुलाबी धार पडत राहिली. अडीचची खूण बुडाली. पाचची बुडाली. दहाची.

"वहिनी, पुरे."

"थांब गं. खुणेपर्यंत येऊ दे."

तिची नजर पेल्यावरून हलत नव्हती. हात जराही कापत नव्हता. पंचवीसच्या खुणेवर धार थांबली. एक थेंब बाहेर नाही.

"हे बघ. अडीच."

दादाने पेला घेतला, खिडकीशी नेऊन उजेडात धरला, मान तिरकी करून पाहिला.

"अडीचच आहे," तो म्हणाला.

मी आतल्या खोलीत धावले. ठमीला उचललं. अंग गरम होतं, श्वास होता, पण किती वेळाने एक. हाक मारली, गाल थोपटले, तिला चिडवायचं लाडाचं नाव तिच्या कानात घेतलं. डोकं माझ्या खांद्यावर पडलं ते पडलंच.

तिला तसं पाहिल्यावर दादाने पेला वहिनीच्या हातात दिला. किल्ली घेऊन पुढे पळाला. मी ठमीला घेऊन जिना उतरू लागले.

"अगं, एवढं देऊन तरी निघू," मागून वहिनी म्हणाली. "मात्रा चुकली की फिट येते तिला, माहितीये ना?"

मी वळून पाहिलं. ती मागोमाग येत होती, पेला दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून एकेक पायरी जपून उतरत.